कादंबरीतला समुद्र पडवीतून दिसतो

मराठी कादंबरीतली माणसं मासे खातात. ते पकडतं कोण, हा प्रश्न मला तीन-चार वर्षं छळतोय.

कोकणावरच्या गाजलेल्या कादंबऱ्या काढा. माड, फणस, खोत, देवचार, भाऊबंदकी, कोर्टकज्जे, एखादा वेडा, एखादी सोसून सोसून दगड झालेली बाई, सगळं मिळेल. समुद्रसुद्धा मिळेल. तो गाजतो, खवळतो, चांदण्यात चमकतो, कधी एखाद्याला पोटात घेतो. पण रोज पहाटे त्यात उतरणारा माणूस? तो मागच्या दाराने येतो, टोपलीतले बांगडे मोजून देतो आणि पुढच्या परिच्छेदाच्या आत निघून जातो. त्याला बहुधा नाव नसतं.

मी मालवणचा, गाबीत घरातला, आणि पोटासाठी कोड लिहितो. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि पुण्यातली पहिली नोकरी या काळात कोकणातल्या कादंबऱ्या मी होमसिकनेसवरची गोळी म्हणून घ्यायला लागलो. गोळी छान होती, पण लागू पडेना. पुस्तकातलं कोकण माझ्या ओळखीचं होतं, म्हणजे शेजारच्यांचं घर जसं ओळखीचं असतं तसं. पडवी माहीत, तुळस माहीत, कोण कुठे बसतं ते माहीत. आपण मात्र अंगणात उभे.

इथे मी बोलतोय ते ‘वाचलीच पाहिजेत’ अशा याद्यांमध्ये येणाऱ्या पुस्तकांबद्दल. जी आपल्याला बक्षीस म्हणून मिळतात, काका-मामा ‘अजून वाचलं नाहीस?’ म्हणून लाज आणतात, ती.

सुरुवात श्री. ना. पेंडश्यांपासून करू, कारण त्यांच्यावर राग धरणं सगळ्यात अवघड आहे. ‘गारंबीचा बापू’ १९५२ची, ‘रथचक्र’ १९६२ची, आणि ‘तुंबाडचे खोत’ १९८७ची, दोन जाडजूड खंडांत. (२०१८च्या ‘तुंबाड’ सिनेमाच्या गोष्टीचा हिच्याशी काही संबंध नाही. सिनेमा पाहून कादंबरी उघडणाऱ्या माझ्या रूममेटने साठ पानं सोन्याची नाणी शोधली. मग नाणी विसरून चार दिवसांत पहिला खंड संपवला.) पेंडसे मला आवडतात कारण त्यांच्या माणसांकडे पैसा कुठून येतो आणि कुठून जातो हे कळत राहतं. जमीन, सुपारी, कर्ज, वाटण्या. ‘रथचक्र’मधल्या बाईची सगळी जिद्द पोरांच्या शिक्षणाच्या खर्चावर येऊन आदळते, म्हणून ती जिद्द खरी वाटते. पण हा सगळा हिशेब जमिनीचा आहे. दापोली-खेडकडची खोती, नदी, खाडी, बागा. पेंडसे मुर्डीचे, आणि त्यांनी आपल्या पायाखालची माती पूर्ण उकरली. त्यांच्याकडे समुद्र मागणं म्हणजे आंब्याच्या झाडाकडे नारळ मागणं. त्यामुळे त्यांना सोडून देऊ.

वि. स. खांडेकरांना इतक्या सहज सोडवत नाही. ते सांगलीचे, पण १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं त्यांनी शिरोड्यात शाळा चालवली. शिरोडा म्हणजे वेंगुर्ल्याच्या खाली, गोव्याला खेटून. समुद्र शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, शेजारी मिठागरं, १९३० साली तिथेच मिठाचा सत्याग्रह झालेला. आणि आपल्या पिढीच्या हाती त्यांचं येतं काय, तर ‘ययाति’. १९५९ची कादंबरी, १९७४चं ज्ञानपीठ, आणि आता व्हॉट्सॲप स्टेटसची खाण. माझं मत विचाराल तर ‘ययाति’ म्हणजे फार हुशार माणसाने पाठवलेली न संपणारी व्हॉइस नोट आहे. प्रत्येक पात्र आपल्या मनाचा ताळेबंद स्वतःच मांडतं, वाचणाऱ्याला करायला काम उरत नाही. अठरा वर्षं खारा वारा खाल्लेल्या लेखकाने राजवाड्यात काय पाहिलं, हे मला अजून कळलेलं नाही.

आता आमच्या जिल्ह्यातले दोघे. (ते जन्मले तेव्हा जिल्हा रत्नागिरीच होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ला.) चिं. त्र्यं. खानोलकर तेंडोलीचे, आणि जयवंत दळवी वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचे. गुगल मॅपवर दोन गावं बोटाच्या एका चिमटीत येतात. लेखक म्हणून मात्र एक अमावास्या आणि दुसरा भरदुपार.

खानोलकरांची ‘कोंडुरा’ १९६६ची. कोंडुरा नावाची जागा खरोखर आहे, वायंगणीच्या बाजूला. खडकांत समुद्र घुसतो आणि आतून घुमतो. तो आवाज ऐकला की कादंबरीचा अर्धा भाग समजतो. उरलेला अर्धा मला तीनदा वाचूनही पूर्ण समजलेला नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. परशुरामतात्याला कोंडुऱ्याकडून काहीतरी मिळतं. ते वरदान की शाप, हे त्याला कळत नाही, गावाला कळत नाही, आपल्यालाही कळत नाही. श्याम बेनेगलांनी १९७८मध्ये त्यावर सिनेमा केला, तेव्हा गोष्ट उचलून आंध्रात नेली आणि हिंदी-तेलुगूत केली. ती तिथेही उभी राहिली. मला यात खानोलकरांचं मोठेपण दिसतं आणि माझ्या तक्रारीचा पुरावाही. त्यांचा समुद्र माणसाच्या आतल्या अंधाराचा समुद्र आहे, त्यामुळे तो कुठेही नेता येतो. मालवणचा समुद्र असा नेता येत नाही. त्याला भाव असतो, वेळ असते, वाटे असतात.

पण भीतीचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पडवीतून उठून अगदी पाण्याच्या कडेपर्यंत गेलेला कोकणातला कादंबरीकार मला तरी हा एकच दिसला. माझ्या आजीला मी ‘कोंडुरा’ची गोष्ट तोंडी सांगितली होती. तिचे वडील आणि भाऊ दोघेही रापणीवर जायचे. ती एवढंच म्हणाली, “बरोबर लिवल्यान.” आणि मग, “पण रातचा सांगा नको.”

तरीही दर्यावर जाणाऱ्याची भीती वेगळी असते. तिला वेळापत्रक असतं. किनाऱ्यावर भरतीचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी, तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर करतो आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, म्हणून हे जवळपास जुळतं. गावागणिक थोडं पुढेमागे होतं, तो फरक जो तो आपापल्या डोक्यात ठेवतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चाटच पडलो. एक गुणाकार, नेटवर्क नको, सर्व्हर नको, आणि शेकडो वर्षं अपडेट न करता चालू. आमच्या टीममध्ये कुणी असं काही लिहिलं असतं तर त्याला प्रमोशन मिळालं असतं. कोकणावरच्या सगळ्या कादंबऱ्यांत मिळून मला हा गुणाकार सापडला नाही. अमावास्या भरपूर सापडल्या, पण त्या सगळ्या भुतांच्या कामाला लावलेल्या. उधाणाच्या कामाची एकही नाही.

दळव्यांवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण ते माझे लाडके आहेत. मोठ्या लेखकांची टिंगल करायला हरकत नसते, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ हे नाव घेऊन त्यांनी वर्षानुवर्षं मराठी साहित्यिकांना चिमटे काढले, सोबत वसंत सरवट्यांची चित्रं. आज कुणी तसं लिहिलं तर संध्याकाळपर्यंत स्क्रीनशॉट फिरतील आणि रात्री माफीनामा येईल.

त्यांची ‘सारे प्रवासी घडीचे’ १९६४ची. गोव्याच्या हद्दीजवळचं गाव आणि तिथल्या माणसांची रांग. पावटे मास्तर, केशा चांभार, आबा, जीजी. बसमध्ये वाचताना मी इतका हसलो की शेजारच्या बाईंनी पिशवी जवळ ओढून घेतली. दुसऱ्या वाचनात मात्र एक गोष्ट खटकली. या गावात हसण्याची दिशा ठरलेली आहे. निवेदक घरातला मुलगा आहे. माणसं त्याच्या घराकडे येतात, काहीतरी विचित्र करतात आणि जातात. दळव्यांचं मन मोठं असल्यामुळे कुणाचा अपमान होत नाही, शेवटी घशात काहीतरी अडकतंच. पण केशा घरी गेल्यावर काय बोलत असेल, ते आपल्याला ऐकू येत नाही. आपण पडवीतच बसलेलो असतो.

दळव्यांना पडवी सोडता येत नव्हती म्हणावं, तर तसंही नाही. आदल्याच वर्षी, १९६३मध्ये, त्यांचीच ‘चक्र’ आली. मुंबईतली झोपडपट्टी, अम्मा, तिचा मुलगा, रोजची उपासमार आणि रोजची वासना. तिच्यावर रवींद्र धर्मराजांनी केलेला स्मिता पाटीलचा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. या पुस्तकात निवेदक गायब आहे. आठवणींचा गोडवा नाही, हसू आलंच तर लाज वाटणारं. म्हणजे हा माणूस चिखलात उतरू शकत होता. मधु मंगेश कर्णिकांचंही तेच. ते कणकवली तालुक्यातल्या करूळचे. त्यांनी १९६९मध्ये ‘माहीमची खाडी’ लिहिली. आमच्या मुलखातल्या दोन लेखकांनी पाण्याकाठच्या गरीब वस्तीवर डोळे न झाकता लिहिलं, आणि ते दोन्ही वेळा मुंबईत. गावाकडचा किनारा येतो तेव्हा आवाज मऊ होतो.

का, याचा माझा अंदाज सरळ आहे. मुंबई हा त्यांचा वर्तमान होता, गाव ही आठवण. आणि आठवण आपण लहानपणी जिथे बसून जग पाहिलं तिथूनच निघते. दळव्यांनी लहानपणी जग घराच्या पडवीतून पाहिलं. किनाऱ्यावरच्या ज्या घरात लहानपण जाळ्यावर बसून गेलं, त्या घरातून त्या काळी कुणी मौजेच्या किंवा मॅजेस्टिकच्या कचेरीपर्यंत पोहोचत नव्हतं. यात कुणाचा दोष काढून काय मिळणार? पण परिणाम आपल्यासमोर आहे. कोकण म्हटलं की मराठी माणसाच्या डोक्यात जे चित्र येतं ते जमिनीवरून काढलेलं आहे, आणि आज होमस्टेवाले तेच चित्र रीलमध्ये टाकून विकतात. पडवी, झोपाळा, सोलकढी. मासे ताटात.

गंमत म्हणजे मराठीतली माझी सगळ्यात आवडती समुद्रावरची कादंबरी लिहिली अमरावतीत जन्मलेल्या माणसाने. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९ची. गोष्ट बोटीवर घडते. युरोपातून निघालेलं जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. चोहीकडे पाणी, आणि उतरायला बंदर नाही. मी ती एका रात्रीत वाचली आणि सकाळच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवला. पण तिथेही मासे पकडत कुणीच नाही.

मासे पकडणारा भेटला तो क्युबाचा. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा अनुवाद पु. लं.नी १९६५मध्ये केला, नाव दिलं ‘एका कोळियाने’. जाळं विणणारा कोळी, जाळं टाकणारा कोळी आणि पडून पडून पुन्हा चढणारा बालकवितेतला कोळी, तिन्ही एका नावात. (आमच्या घरी या नावावर हरकत घेतली गेली. आपण कोळी नव्हे, गाबीत.)

हे पुस्तक मी आजीला वाचून दाखवलं ते २०२१च्या मे महिन्यात, तौक्ते वादळानंतर. वर्क फ्रॉम होममुळे मी घरीच होतो. वादळ गेलं आणि सोबत वीज, नेटवर्क आणि समोरच्यांचे पत्रे घेऊन गेलं. कित्येक दिवस अंधार. ऑफिसला मी जिवंत आहे हे कळवायला टेकडीवर चढावं लागायचं. संध्याकाळी करायला काही नव्हतं, टॉर्च होता आणि पु. ल. होते.

सांतियागोला चौऱ्याऐंशी दिवस मासा मिळालेला नाही, इथे कादंबरी सुरू होते. जगभरचे वाचक हे वाक्य वाचून म्हाताऱ्याच्या एकटेपणाकडे वळतात. आजीने विचारलं, “चौऱ्याऐंशी दिस मासो गावलो नाय? मगे हेच्या घरात चूल कशी पेटता?”

मी थांबलो. मग पुढची पानं वाचली आणि उत्तर तिथेच होतं. मानोलिन नावाचा मुलगा त्याच्यासाठी जेवण आणतो, ते हॉटेलच्या मालकाने, मार्टिनने, दिलेलं असतं; म्हातारा म्हणतो की त्याला माशातला चांगला भाग द्यायला हवा. याआधी वाचताना हे सगळं मी सजावट म्हणून ओलांडून गेलो होतो. पुढे प्रचंड मासा लागल्यावर म्हातारा मनात त्याचं वजन धरतो, साफ केल्यावर किती उरेल ते काढतो, पौंडाला तीस सेंट लावतो आणि म्हणतो की या हिशेबाला पेन्सिल लागेल. माणूस हरत नाही वगैरे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. आजी त्या वाक्यावर नुसती हुं म्हणाली. पेन्सिलीवर ती खुलली. हेमिंग्वेला मासेमारी माहीत होती, हे तिला तिथे पटलं. मला तर तोवर हेमिंग्वे शौर्याचा लेखक वाटत होता. आता तो भाव माहीत असलेला लेखक वाटतो, आणि शौर्य त्या भावातून आलेलं.

तिची एक हरकत मात्र शेवटपर्यंत टिकली. “एकटो कित्याक गेलो तो? वांगडी खंय गेले?”

माझ्या मते मराठीत ही कादंबरी का नाही, याचं निम्मं उत्तर या हरकतीत आहे. आमच्याकडचं जुनं काम म्हणजे रापण. होडी किनाऱ्यापासून निघून अर्धवर्तुळात जाळं सोडत पुन्हा किनाऱ्याला लागते. दोन टोकांचे दोर वाळूवर, प्रत्येकाला माणसांची रांग. मग तासभर, दोन तास ओढत राहायचं. पाण्याच्या रंगावरून मासळीचा थवा ओळखणारा एखादा जाणता असतो, होडीवाले असतात, ओढणारे असतात, आणि शेवटी वाटे. होडीचा, जाळ्याचा, माणसांचा. वाटेने जाणाऱ्याने दोराला हात लावला तरी ओंजळभर पेडवे मिळतात. या सगळ्यात नायक कोण? कादंबरीला एक माणूस लागतो, त्याचं एक मन लागतं. रापणीत तीस-चाळीस माणसं आणि एक दोर. चित्रकार प्र. अ. धोंडांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘रापण’ नाव दिलं, ते मला फार समर्पक वाटतं, पण त्या रापणीत सापडले ते कलावंत.

मल्याळममध्ये हे जमलेलं आहे. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांची ‘चेम्मीन’ १९५६ची, मी इंग्रजीतून वाचली. करुत्तम्मा आणि परीकुट्टी यांचं प्रेम म्हणून ती प्रसिद्ध आहे. माझ्यासाठी ती होडीच्या कर्जाची कादंबरी आहे. बापाला स्वतःची होडी आणि जाळं हवं, पैसा येतो तो मुलीवर जीव लावून बसलेल्या व्यापाऱ्याकडून, आणि तिथून पुढे प्रेम आणि उधारी वेगळी काढता येत नाहीत. अख्खी वस्ती त्यात बोलते, भांडते, नजर ठेवते. नवरा दर्यात सुखरूप राहतो तो बायकोच्या पावित्र्यामुळे, ही समजूत पुस्तकभर गळ्याभोवती फिरते. तकळी तिच्यावर विश्वास ठेवतात की तिच्याकडे बोट दाखवतात, हे मला नीट ठरवता आलेलं नाही, आणि शेवट समजुतीच्या बाजूने झुकतो तिथे मी वैतागलो. आजीने गोष्ट ऐकून निकाल दिला, “वारो सुटलो तर दोष बायलेचो? बरा आसा.”

म्हणजे वस्तीची, वाट्यांची, कर्जाची कादंबरी होऊ शकते. आणि मालवणात आज तिच्यासाठी लागणारं सगळं किनाऱ्यावर पडलेलं आहे. पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांचं भांडण. ५ फेब्रुवारी २०१६चा निर्बंधांचा सरकारी आदेश. २०१७मध्ये एलईडी दिव्यांवरच्या मासेमारीला आलेली बंदी, आणि तरीही रात्री क्षितिजावर दिसणारा उजेड. १ जून ते ३१ जुलै होड्या वर, आणि त्या दोन महिन्यांत वाढत जाणारी किराणा दुकानाची वही. सकाळी जाळं आणि दुपारी पर्यटकांना स्कूबाच्या बोटीवर नेणारा तोच मुलगा. आपल्या बापाला ‘ट्रॅडिशनल फिशिंग एक्सपीरियन्स’ म्हणून वेबसाइटवर टाकणारा दुसरा. (ती वेबसाइट मी करून दिली. मोबदला दोन सुरमया.) पेंडशांना जमिनीत जे सापडलं, खून, कज्जा, लोभ, माया, ते सगळं इथे आहे, फक्त ओलं आहे. खानोलकरांची भीती घ्या, दळव्यांचं हसू घ्या, ‘चक्र’ लिहितानाची बेमुर्वत नजर घ्या, आणि एवढं सगळं घेऊन पडवीच्या पायऱ्या उतरा.

ही कादंबरी मी लिहीन असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. मला बोट लागते. किल्ल्यापर्यंत जाईस्तोवर माझा चेहरा बदलतो. पण दांडीच्या किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करत बसणाऱ्यांत एक पोरगा आहे, विशीतला. मधेच सुई बाजूला ठेवतो, हात चड्डीला पुसतो आणि फोनवर पाच-दहा मिनिटं सलग काहीतरी टाइप करत राहतो. बहुतेक क्रिकेटची टीम लावत असेल.